तरंगत्या पेशींची मोजणी

६ ऑक्टोबर

बाईंनी आज पहिल्याच दिवशी माझ्या हातात कोरी वही ठेवली आणि बजावलं, "यात फक्त दिसेल ते लिहायचं. वाटेल ते नाही. वाटेल ते लिहायची हौस असेल तर घरी दुसरी वही घाल." मला हौस आहेच. म्हणून ही दुसरी वही. ही कुणी तपासणार नाही याचा मला फार आनंद आहे.

बारा वर्षं मी तपासणीसाठी लोकांचं रक्त काढलं. शीर सापडली नाही म्हणून कुणाला दोनदा टोचल्याचं मला आठवत नाही (हे तिकडच्या वहीत लिहिता येणार नाही). पण एकोणचाळिसाव्या वर्षी मला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कोण उभं करणार, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. मुलाखतीला माझ्याआधी तीन मुली बसल्या होत्या, जाडजूड फायली मांडीवर घेऊन. बाईंनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. "तूच सांग काय काय आहे त्यात," म्हणाल्या. मी सांगितलं. मग माझ्या हातात पिपेट दिलं. "दहा थेंब टाक, एकसारखे." आणि मान किंचित कलती करून त्या नुसत्या ऐकत बसल्या. थेंबांचा आवाज ऐकून माणूस निवडणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. कागदांना भुलत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

बाई उंच आहेत, काटक, साठीला आलेल्या. पांढऱ्या कोटाची तिसरी गुंडी चौथ्या काजात. इतक्या मोठ्या माणसाला गुंड्यांकडे बघायला सवड कुठे असते?

९ ऑक्टोबर

कामाचं आता थोडं डोक्यात शिरतंय. घरी यांना समजावून सांगितलं तेव्हा ते फ्रिजचा कॉम्प्रेसर खोलून बसले होते. म्हणाले, "म्हणजे तू दिवसभर बशा धुणार. घरात काय वेगळं करतेस?" फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडाला लागू नये. पण इथे नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे एका बाईच्या स्तनातल्या कर्करोगाच्या पेशी आहेत. ती बाई वारली त्याला कित्येक वर्षं झाली. पेशी मात्र जिवंत आहेत आणि दुप्पट, चौपट होत चालल्या आहेत. त्या बशीच्या तळाला चिकटून वाढतात. वर गुलाबी मीडियम असतं, ते त्यांचं खाणंपिणं. शिवाय कातडीच्या निरोगी पेशी वेगळ्या बशांमध्ये. त्यांचा कारभार संथ, आठवडा आठवडा जागच्या हलत नाहीत.

आणि एक पांढरी पूड. ही ई जीवनसत्त्वाची नातेवाईक. बाई म्हणाल्या, "ई जीवनसत्त्व म्हणजे घरातला सरळमार्गी मुलगा. हा त्याचा चुलतभाऊ. तोंडवळा तोच, पण मागे एक शेपूट जोडलेलं आहे, आणि त्या शेपटामुळे सगळं वळणच वेगळं." साधं ई जीवनसत्त्व कर्करोगाच्या पेशींचं काही वाकडं करत नाही. हा चुलतभाऊ करतो. पण नेमकं काय करतो? त्यांची वाढ नुसती थांबवतो, की त्यांना मारून टाकतो?

"फरक काय बाई? वाढायच्या थांबल्या म्हणजे झालं की."

"थांबलेली गाडी पुन्हा सुरू होते गं. औषध संपलं की त्या पेशी परत वाढायला लागतात. मेलेली उठत नाही." बाई हे बोलल्या तेव्हा त्यांचा चेहरा वीस वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

पूड पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून ज्या बशांमध्ये औषध घालायचं नाही त्यांच्यातही तेवढंच अल्कोहोल घालायचं. नाहीतर पेशी औषधाने मेल्या की दारूने, कळणार कसं? हे मला एकदम पटलं. किती न्यायाने वागायचं पेशींशीसुद्धा.

२४ ऑक्टोबर

मोजणी जमायला लागली. औषध घालून दोन दिवस झाले की पेशी तळापासून सोडवायच्या, त्यात निळा रंग मिसळायचा, रेघारेघांच्या काचेवर एक थेंब घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, ती मोत्यासारखी पांढरी राहते. मेलेली निळी होते. चार कोपऱ्यांतले चार चौकोन, ओळीने. कोणत्या बशीत औषध आहे हे मोजताना मला माहीत नसतं, बशांना बाई मागे नुसते आकडे देतात आणि ते तोंडपाठ ठेवतात. कागदावर एक अक्षर नाही! चोवीस बशा, सगळ्या डोक्यात.

मी माझ्याकडून एक शिस्त घातली आहे. पेशींचं जेवण बदलताना जुनं मीडियम ओतून बशी धुतात ना, तशीच मी मोजणीच्या आधीही धुते. एकदा नाही, दोनदा. बारा वर्षं रक्ताच्या खोलीत काढल्यावर गढूळ काहीही डोळ्यांना सहन होत नाही. घरी हे मला "आरोग्य खातं" म्हणतात. म्हणू देत.

१४ नोव्हेंबर

पहिला निकाल लागला. अल्कोहोलच्या बशीत दहा लाख पेशी, औषधाच्या बशीत चार लाख. निळ्या दोन्हीकडे सारख्याच, शंभरात चार.

बाई कधी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावत नाहीत. शेजारी स्टुलावर बसतात आणि मला बोलायला लावतात. शिकवायची ही पद्धत मला फारच आवडली. मोठी माणसं सगळं स्वतःच बघून टाकतात, मग शिकणाऱ्याला काय उरतं?

"बशीत काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"बाई, तळाला पेशी चिकटलेल्या आहेत. विरळ आहेत."

"वर तरंगताना काही?"

"काही नाही. एकदम स्वच्छ."

"काहीच नाही?"

"काडीसुद्धा नाही बाई."

त्यांनी स्टूल थोडं मागे सरकवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे थांबवतं. मारत नाही." आवाज थोडा पडला होता. पण लगेच सावरून म्हणाल्या, "पेशींनी आपल्या मनासारखं वागावं असा काही नियम नाही. लिही." एवढी निराशा एवढ्या शांतपणे गिळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यांनी वहीत सही केली, सही माझ्या लिहिण्यावरच आली. घाई असते त्यांना.

८ डिसेंबर

मी डबा विसरले म्हणून आई (माझ्या सासूबाई) प्रयोगशाळेत येऊन थडकल्या. बाईंनी त्यांचं इतकं छान केलं! खुर्ची दिली, स्वतः चहा केला. कपात चहा ओतताना बाई कपाच्या कडेला आतून बोट लावून धरतात, चहा बोटाला लागला की थांबतात. एक थेंब सांडत नाही.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "तुझ्या बाईंना दिसत नाही का गं?"

"काहीतरीच काय आई!"

"मी समोर उभी होते, तर माझ्या खांद्याशी बोलत होत्या."

"विचारात असतात त्या. शास्त्रज्ञ आहेत."

"असतील बाई," आई म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. मला राग आला. आईंना सगळ्या जगात आजारच दिसतात, हा काही आजचा अनुभव नाही. ज्या बाईंनी तीस वर्षं पेशी पाहण्यात घालवली त्यांना दिसत नाही म्हणे!

१९ जानेवारी

लेख पूर्ण झाला. सहा वेळा प्रयोग केला, सहाही वेळा तेच: वाढ थांबते, पेशी मरत नाहीत, निरोगी पेशींना काही इजा नाही. मी मोठ्याने वाचत होते, बाई दुरुस्त्या सांगत होत्या. "तिसऱ्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य काढ, ते फुशारकी मारतंय." वाक्य कुठलं हे त्यांना कागद न बघता माहीत. खाली माझं नाव आहे. दुसरं नाव! आमच्या घराण्यात कुणाचं नाव लग्नपत्रिकेशिवाय कुठे छापलं गेलं नसेल. हे तो कागद घेऊन फ्रिजच्या तीन गिऱ्हाइकांना दाखवून आले. कागद पुढे पाठवायचा होता तो तेलकट होऊन परत आला.

आता गंभीर गोष्ट. बाई एकतीस मार्चला निवृत्त होतात. वीस मार्चला समितीची बैठक आहे. त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ दिली तर काम पुढे चालेल. नाही दिली तर खोलीला कुलूप. बाईंना स्वतःसाठी काही नको आहे. पण हा चुलतभाऊ खरा कसा आहे हे कळल्याशिवाय त्यांना घरी बसायचं नाही. आज पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "मला ही दोन वर्षं हवी आहेत गं. फार हवी आहेत."

२ फेब्रुवारी

शेजारणीच्या बहिणीला कर्करोग निघाला. शेजारीण दुकानातून ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. "तुम्ही त्याच्यावरच काम करता ना, किती देऊ?" मी बाईंना फोन लावला. बाई तिच्याशी अर्धा तास बोलल्या. बाटलीतली गोळी म्हणजे तो सरळमार्गी मुलगा, आमच्या बशीतला नव्हे. आणि बशीत जे होतं ते माणसात होईल असं सांगायला अजून कितीतरी वर्षं जावी लागतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी देऊ नका. शेजारीण रडली. बाईंनी तिला रडू दिलं, मग म्हणाल्या, "बहिणीजवळ बसा. त्याचा उपयोग होतो, हे मला नक्की ठाऊक आहे."

कुणाला खोटी आशा लावायची नाही आणि तरी रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. हे कसं जमतं त्यांना?

१८ फेब्रुवारी

जंतुनाशक संपलं. नव्या कॅनची नुसती वाट बघायची. एरवी ओतून दिलेलं मीडियम मी लगेच जंतुनाशकात मिसळते, ते क्षणात पांढरंफटक होतं. आज मिसळायला काहीच नव्हतं. टाकाऊ मीडियम सिंकमध्ये सोडून देणाऱ्यांतली मी नाही. दोन स्वच्छ बाटल्या घेतल्या, एक औषधाच्या बशांची, एक अल्कोहोलच्या बशांची (मोजणी होईपर्यंत प्रत्येक बशीचं मीडियम तिच्या आकड्यानिशी वेगळं ठेवलं होतं, मग कुठला आकडा कशाचा ते बाईंनी सांगितलं). चिठ्ठ्या लावून फ्रिजमध्ये ठेवल्या.

१९ फेब्रुवारी



सकाळी बाटल्या काढल्या. अल्कोहोलच्या बाटलीच्या तळाला काही नाही म्हटलं तरी चालेल. औषधाच्या बाटलीच्या तळाला पिठासारखा पांढरा थर. जंतू शिरले असं वाटून मी स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि एक थेंब काचेवर घेतला. निळा रंग घातला. पाहिलं.

निळ्या. सगळ्या निळ्या. चौकोन भरून निळ्या पेशी, काही फुटलेल्या, काही आक्रसून मनुक्यासारख्या झालेल्या.

मेलेली पेशी तळाला धरून राहत नाही. सुटते आणि मीडियममध्ये तरंगत राहते, बाटली रात्रभर स्थिर राहिली की खाली बसते. आणि मी गेले चार महिने, दर वेळी, दोन दोन वेळा धुऊन, मेलेल्या सगळ्या ओतून देत होते. मग उरलेल्यांत मेलेल्या शोधत होते. शंभरात चार!

औषध त्यांना मारत होतं. मी पुरावा धुऊन टाकत होते.

२० फेब्रुवारी

बाईंना सांगितलं नाही.

आज लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. बाईंनी टेबलावर हलकेच दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाल्या, "चला. समितीला दाखवायला काहीतरी झालं." मी "हो बाई" म्हणाले.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मग आनंदाची गोष्ट आहे. मारतंय ना औषध?"

"अहो, छापायला गेलेला लेख खोटा आहे!"

"खोटा नाही, अर्धा. आधी बैठक होऊ दे, मुदतवाढ मिळू दे, मग सांग. सगळ्यांचंच भलं."

मला हे इतकं पटलं की माझीच भीती वाटली.

२३ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी कोट घालायच्या आधीच सांगितलं, नाहीतर धीर झाला नसता. बाटल्या समोर ठेवल्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि शेवटी यांचं म्हणणंही सांगून टाकलं: "बाई, बैठक होईपर्यंत गप्प राहिलो तर?"

बाईंनी बाटली हातात घेतली. हलवली. कानाशी नेली, जणू तिच्यातलं काही ऐकू येणार आहे. मग विचारलं, "थर किती जाड?"

"नखाएवढा."

"सगळ्या निळ्या?"

"शंभरात पंच्याण्णव तरी."

आणि बाई हसल्या! मी रडण्याच्या बेतात आणि बाई हसतायत. "अगं वेडे, मारतंय ते! मारतंय!" त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग एकदम गंभीर झाल्या. "पण निरोगी पेशींच्या बशाही तू धुतल्यास."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. निरोगी पेशीही तशाच मरून वाहून गेल्या असतील तर? मग हे औषध नाही, नुसतं विष. त्याचं कुणाला काय कौतुक?

"लेख मागे घ्यायचा. आजच," बाई म्हणाल्या. "पत्र मी सांगते, तू लिही."

"आणि बैठक?"

"बैठकीला जे खरं असेल ते नेऊ."

मी माफी मागायला लागले. त्यांनी थांबवलं. "तुला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं मी. कुणी एकदा जरी वाकून धुण्याआधीची बशी पाहिली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं." माझी चूक त्या अशी स्वतःच्या अंगावर घेतात. इतकं मोठं मन मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

१२ मार्च

तीन वेळा नव्याने प्रयोग केला. आता मीडियम ओतत नाही, ते नळीत गोळा करते, पेशी तळाशी बसवते, तळाच्या आणि तरंगत्या दोन्ही एकत्र मोजते. औषधाच्या बशीत मेलेल्या शंभरात एक्केचाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस. अल्कोहोलच्या बशीत पाच. साध्या ई जीवनसत्त्वाच्या बशीतही पाच. चुलतभावाचं खरं रूप कळलं. वाढही थांबवतो, मारतोही.

धुण्याआधी पाहिलं की पेशी कशी मरते तेसुद्धा दिसतं. आधी गोल होते. मग कडेला बुडबुडे येतात, उकळी फुटल्यासारखे. मग ती तुकड्यातुकड्याने सुटते. मी सांगत होते आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "ही घाईच्या मरणाची तऱ्हा नाही. ही पेशी स्वतःच आवराआवर करून जाते. अजून सांग."

निरोगी पेशी मात्र संथच. त्यांच्या बशा भरायला महिनाअखेर उजाडणार. म्हणजे बैठकीत त्यांच्याबद्दल "माहीत नाही" असंच सांगावं लागेल.

२० मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

लांब टेबल, सहा माणसं, मध्ये संस्थेचे मोठे साहेब. मी मागे भिंतीशी, वह्या मांडीवर. बाईंनी एकही कागद न घेता सगळं मांडलं. लेख का मागे घेतला, चूक काय झाली, आता आकडे काय आहेत. निरोगी पेशींचं काय, असं कुणीतरी विचारलं. "माहीत नाही. अकरा दिवसांनी सांगू शकेन."

साहेब चांगलं बोलले, खोटं कशाला लिहू? म्हणाले, "बाई, तुमच्या तीस वर्षांच्या कामाबद्दल इथे कुणाला शंका नाही. तुमची मोजणारी नवीन होती, तिच्याकडून चूक झाली. तेवढं एक वाक्य तुम्ही लिहून द्या. तिच्या जागी अनुभवी माणूस घेऊ. मुदतवाढीला मग कुणाची हरकत नसेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मांडीवरच्या वह्या घट्ट धरल्या. पण खरं सांगते, मनात आलं, लिहून देऊ देत बाईंना. दोन वर्षं मिळतील. चूक तर माझ्याच हातून झाली होती.

बाई म्हणाल्या, "मी रोज विचारलं तेवढं सगळं तिने खरं सांगितलं. बशी स्वच्छ आहे म्हणाली, ती स्वच्छच होती. ती कशामुळे स्वच्छ आहे हे बघायचं काम माझं होतं."

"मग तुम्ही बघितलं का नाही?" साहेबांनी विचारलं. साधाच प्रश्न होता.

"कारण मला दिसत नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दीड वर्ष झालं. डोळ्यांच्या मधोमध दिसायचं गेलंय, कडेकडेचं दिसतं. तुम्ही तिथे आहात हे मला कळतं साहेब, तुमचा चेहरा दिसत नाही. मायक्रोस्कोपमध्ये तर काहीच नाही. हे मी लपवलं, कारण मला हे काम पुरं करायचं होतं. ही मुलगी येण्याच्या आधीपासून लपवलं. तिच्या नावावर हे घालू नका. आणि तिला काढू नका. तिच्यासारखी मोजणी मी आजवर ऐकलेली नाही."

ऐकलेली. असंच म्हणाल्या.

मुदतवाढ मिळाली नाही. बशा, पेशी आणि मी, तिघांची रवानगी एक एप्रिलपासून शेजारच्या खोलीत.

२१ मार्च

ही वही पहिल्या पानापासून वाचली. गुंड्या, फाईल, सही, चहाचा कप. आईंना अर्ध्या तासात जे कळलं ते मला साडेपाच महिन्यांत कळलं नाही. आईंना सांगितलं तेव्हा वाटलं आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "तुला नाही कळलं ते बरंच झालं. कळलं असतं तर तू सांभाळून घ्यायला गेली असतीस. त्यांना ते चाललं नसतं." आईंचं मला कधी कधी कौतुक वाटतं, हे त्यांना सांगण्याची सोय नाही.

बाईंना मी एवढंच विचारलं, "मला तरी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुला गुपित सांभाळावं लागलं असतं. तुला ते जमलं नसतं. आणि जमलं असतं तर मला आवडलं नसतं."

मी आता पूर्वीपेक्षा जास्त बोलते. दिसेल ते सगळं सांगते, टेबलावर कुठे काय आहे तेही. बाई म्हणाल्या, "तेवढं नको, टेबल कुठे पळत नाही."

३१ मार्च

खाली मोठ्या खोलीत निरोपाचा चहा चार वाजता. निरोगी पेशींच्या बशा परवा भरल्या, औषध घालून दोन दिवस नेमके आजच झाले. मी सकाळपासून नळ्या घेऊन बसले होते. तरंगत्या गोळा केल्या, तळाच्या सोडवल्या, एकत्र केल्या. बाई शेजारी स्टुलावर. आज कोटाच्या गुंड्या मी लावून दिल्या, त्यांनी लावू दिल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी साहेब स्वतः वर आले. "बाई, सगळे थांबलेत."

"थांबू देत थोडे. अजून दोन चौकोन राहिलेत."

साहेब गेले नाहीत. दारातच उभे राहिले.

मी मोठ्याने मोजत होते. पांढरी, पांढरी, पांढरी, पांढरी, निळी, पांढरी. तिसरा चौकोन संपला. चौथ्यात एकामागून एक पांढऱ्याच निघत गेल्या. बेरीज केली. भागाकार केला.

"बाई, शंभरात सहा."

"औषधाच्या बशीत?"

"औषधाच्या. अल्कोहोलच्या बशीत पाच. निरोगी पेशी नाही मेल्या बाई. जशाच्या तशा आहेत."

हात पुढे करून बाईंनी मायक्रोस्कोप चाचपला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा मोज."

"बाई, तीच काच आहे. पुन्हा मोजलं तरी सहाच येणार."

"माहीत आहे गं मला. मला पुन्हा ऐकायचंय."

साहेबांनी दाराशेजारची खुर्ची ओढली आणि बसले. मी पहिल्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश.